मीटर लावा, मग मजुरी मागा

गाडीत अ‍ॅम्प बसवणं वेगळं आणि तो नीट लावून देणं वेगळं. आमच्या भागात पैसे दोन्ही कामांचे घेतात, करतात मात्र पहिलंच. वरोऱ्यापासून नागपूरपर्यंतच्या दुकानांत मी हेच पाहत आलोय. पेचकस घ्यायचा, गेनचा स्क्रू शेवटपर्यंत पिळायचा, बेस बूस्टही फुल करायचा, आणि डिक्कीचं झाकण थडथडायला लागलं की म्हणायचं, "झाली सेटिंग, भाऊ." याला सेटिंग म्हणायला मी तयार नाही. ही गिऱ्हाइकाची उघड लूट आहे.

फोर चॅनल अ‍ॅम्प मुळात गुणी वस्तू. पुढचे दोन चॅनल दारांतल्या कंपोनंट स्पीकरना द्यायचे, मागचे दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, डिक्कीतल्या बूफरला. एवढ्यात गाडी भागते. पण गेन हा आवाज वाढवायला दिलेलाच नसतो. डेकमधून येणारा सिग्नल कुठे २ व्होल्ट असतो, कुठे ४. त्याच्याशी अ‍ॅम्पची जुळणी करायला तो स्क्रू आहे. तो पूर्ण पिळला की अ‍ॅम्प पाव व्होल्टवरच सगळी ताकद लावून बसतो. डेकचा आवाज जरा वाढवला की त्याची मजल संपते, लाटेचे माथे कापले जातात. कापलेल्या लाटेत वरच्या पट्टीतला कचरा शिरतो, तो क्रॉसओव्हरमधून सरळ ट्विटरकडे जातो आणि ट्विटरची बारीक कॉइल जळते. मग तोच दुकानदार सांगतो, "ट्विटर हलकं निघालं जी, भारीतलं घ्या." ट्विटर हलकं नव्हतं. तुमचा हात जड होता.

काम कसं करायचं ते अवघड नाही. साधं डिजिटल मीटर लागतं आणि थोडं गणित. समजा बूफर ४ ओहमचा आहे आणि ब्रिज केलेले चॅनल खरोखर २०० वॉट देतात. २०० गुणिले ४ म्हणजे ८००, त्याचं वर्गमूळ साधारण २८ व्होल्ट. बूफरची तार काढा, बेस बूस्ट शून्यावर ठेवा, डेकचा आवाज तीनचतुर्थांशावर न्या, ५० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या त्या दोन टोकांना लावा. आता स्क्रू हळूहळू फिरवा. आकडा २८ वर आला की हात काढा. पुढच्या चॅनलनाही हाच हिशोब: ७५ वॉट, ४ ओहम, म्हणजे १७ व्होल्टच्या थोडं वर. मग कंपोनंटसाठी ८० हर्ट्झच्या खालचं कापायचं, बूफरसाठी ८० च्या वरचं. चहा यायच्या आत होणारं काम आहे हे. तरी टाळतात, कारण गिऱ्हाईक विचारत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

माझ्याच गाडीतला अ‍ॅम्प मे महिन्यात चिमूर रोडवर सारखा बंद पडायचा. ज्याने बसवला त्याला विचारलं तर उत्तर आलं, "आपल्याकडची गरमी आहे ना जी." मी तारा काढून मीटर लावलं. ४ ओहमचे दोन बूफर समांतर जोडलेले, मीटर २ ओहमच्याही खाली दाखवत होतं. अ‍ॅम्पच्या पाठीवर मात्र ठळक छापलेलं, ब्रिजमध्ये कमीत कमी ४ ओहम. म्हणजे प्रत्येक चॅनलच्या गळ्यात एकेक ओहमचा भार, वरून सीटखालच्या कार्पेटात गुंडाळलेला अ‍ॅम्प. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो हे खरंच आहे. म्हणूनच इथे जोडणी चोख पाहिजे. ऊन काल पडायला लागलेलं नाही. धंदा इथे करायचा आणि खापर उन्हावर फोडायचं?

वॉटचा बाजार याहून वाईट. खोक्यावर ४००० वॉट छापलेलं असतं आणि अ‍ॅम्पवर ३० अँपिअरचे दोन फ्यूज. ६० अँपिअर गुणिले गाडीचे १४ व्होल्ट म्हणजे ८४० वॉट आत शिरतात. एबी क्लासचा अ‍ॅम्प त्यातले बरेच उष्णतेत घालवतो. बाहेर ५०० च्या आसपास आले तरी पुष्कळ. खोकं वाचू नका, फ्यूज वाचा. आणि बेस बूस्ट १२ डेसिबलवर नेणाऱ्याला कळतं का, की त्या पट्टीत तो अ‍ॅम्पकडे सोळा पट ताकद मागतोय? ती येणार कुठून?

पण माझा खरा संताप तारेवर आहे. तांब्याची म्हणून विकलेली पॉवर केबल ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे; त्याच जाडीत ते तांब्याइतका करंट वाहून नेत नाही, तापतं. त्यात बॅटरीजवळचा फ्यूजच गाळलेला. तो बॅटरीपासून फार तर ४५ सेंटिमीटरवर हवा. इंजिनामागच्या पत्र्यातून जाताना केबलचं आवरण घासून फाटलं तर मध्ये थांबवणारं काहीच नाही. सगळी बॅटरी त्या पत्र्यावर रिकामी होते आणि गाडी पेटते. मागच्या सीटवर लेकरं झोपलेली असतात. दीडदोनशे रुपयांचा फ्यूज वाचवणाऱ्याला मी कारागीर म्हणणार नाही.

"लोकांनाच दणका पायजे, आम्ही काय करू?" हे ठरलेलं उत्तर. मला ते मान्य नाही. दिवाळीनंतर वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीची नाटकं लागतात आणि इथली माणसं रात्र रात्र जिवंत साथसंगत ऐकत बसतात. आनंदवनातला 'स्वरानंदवन' वाद्यवृंद वरोऱ्याच्याच वेशीवर तयार झाला. ढोलकीची थाप आणि गाणाऱ्याचा गळा एकमेकांना न गिळता कसे ऐकू येतात, हे या कानांना चांगलं ठाऊक आहे. दुकानात त्यांना तसं कुणी ऐकवतच नाही. आणि ज्यांना दवाखान्यासमोरूनही काचा खाली करून बूफर ठोकत जायचं आहे, त्यांनी २०१९ साली सुधारलेला मोटार वाहन कायदा वाचावा. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाद. पोलिसांनी तो वापरावा, मी टाळ्या वाजवीन.

दुकानदारांकडे माझं मागणं एवढंच, की मजुरीच्या बिलावर पुढच्या चॅनलचे व्होल्ट, बूफरचे व्होल्ट, जोडलेला भार किती ओहम आणि बॅटरीजवळचा फ्यूज किती अँपिअरचा, हे लिहून सही करा. गिऱ्हाइकांनो, तुम्हीही ते लिहून मिळेपर्यंत पाकीट काढू नका, आणि गाडी दुकानातून हलवण्याआधी बॉनेट उघडायला लावून तो फ्यूज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.