मोबाइलवर झकास, भिंतीवर धूसर!

आजी जाऊन वर्ष होत आलं. ओसरीवर खळखळून हसतानाचा तिचा शेवटचा फोटो मोठा करून फ्रेम करू, असं ठरलं. फॅमिली ग्रुपवरचा फोटो घेऊन मी स्टुडिओ गाठला. 12 बाय 18 इंचांची प्रिंट आली आणि... आजीच्या सुरकुत्याच गायब!

गणित सोप्पंय. हातात धरून बघायच्या फोटोला इंचाला 300 पिक्सेल हवेत. भिंतीवरच्या, लांबून बघायच्या फोटोला 200 चालून जातात. ग्रुपवर आकसलेला माझा फोटो होता 1600 बाय 1200 पिक्सेलचा. 1600 भागिले 18, म्हणजे इंचाला जेमतेम 89! आणि डीपीआयचा आकडा नुसता वाढवला म्हणून नवे पिक्सेल उगवत नाहीत, बरं का!

दादाच्या जुन्या फोनमध्ये मूळ फोटो होता, 4000 बाय 3000चा. 18 इंचांना इंचाला 222. पास! आणि तो फोन दादा त्याच आठवड्यात एक्स्चेंजमध्ये देणार होता.

तेव्हा मंडळी, ग्रुपवरची कॉपी बघण्यापुरती. प्रिंटसाठी मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणि हो, फोन बदलण्याआधी आजच!