व्याख्येच्या कलमात कारागीर कुठे आहे?

पाटण तालुक्यातल्या एका गावातले एक चर्मकार काका गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक कागद घेऊन आले. ऑनलाइन चपला विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने बारा पानांचा इंग्रजी करार पाठवला होता. काकांचा प्रश्न साधा होता, "दर बरा देतोय, सही करू का?" आम्ही दर बघितला, मुदत बघितली, आणि मग दुसऱ्या पानावर अडकलो. तिथे 'बौद्धिक संपदा' या शब्दाची व्याख्या होती. कामाच्या दरम्यान वापरलेले किंवा तयार झालेले सगळे नमुने, फर्मे, वेणीचे प्रकार, कातडं रंगवायची पद्धत, छायाचित्रं, हे सगळं कंपनीचं, आणि तेही कायमचं. त्यात 'वापरलेले' हा एक शब्द होता. म्हणजे काकांच्या आज्याने कापलेला पुठ्ठ्याचा फर्मा काकांनी या कामासाठी हातात घेतला, की तो व्यापाऱ्याचा झाला.

आपल्या चळवळीत करार, कॉपीराइट, पेटंट हे विषय निघाले की पोरं मोबाईल काढतात. हे भांडवलदारांचं भांडण, आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो थेट साताऱ्याशी आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते फक्त कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. मानांकनाची मालकी दोन सरकारी महामंडळांकडे आहे: आपल्याकडचं संत रोहिदास महामंडळ आणि कर्नाटकातलं लिडकर.

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसलीच चप्पल चालवली आणि तिला नुसतं 'चामड्याची सँडल' म्हटलं. ओरडा झाला, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचं कबूल केलं. काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक ते नव्हते. आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांनी प्राडाशी सामंजस्य करार केला. सुमारे 2,000 जोड इथे बनणार, एका जोडाची किंमत 800 युरोच्या आसपास.

टाळ्या वाजल्या. आमचा टाळ्यांना विरोध नाही, पण आम्हाला त्या करारातलं व्याख्येचं कलम बघायचं आहे. कारण भौगोलिक मानांकनाच्या 1999 च्या कायद्यातलं कलम 24 सांगतं की मानांकनाचा हक्क विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, त्याचा परवानाही कराराने देता येत नाही. म्हणजे 'कोल्हापुरी' हे नाव सुरक्षित आहे. पण नावाच्या खाली जे आहे त्याचं काय? प्रशिक्षणात एखाद्या बाईने नवी वेणी घातली, ती कुणाची? 2000 च्या डिझाइन कायद्यात याचं उत्तर आहे आणि ते आपल्या बाजूचं नाही. मोबदला देऊन दुसऱ्यासाठी डिझाइन करून घेतलं, तर मालक मोबदला देणारा. करारात वेगळं लिहिलं नाही तर कारागिराच्या हातात मजुरी उरते.

जुन्या नमुन्यांचं गणित वेगळं. कापशी, पुकरी हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या बाजारात आहेत, त्यामुळे ते नवीन डिझाइन म्हणून नोंदवताच येत नाहीत. म्हणून तर काकांच्या करारात नोंदणीची भाषा नव्हती. 'कारागीर मान्य करतो की...' अशी भाषा होती. कायद्याने जे मिळत नाही ते कारागिराच्या तोंडून कबूल करून घ्यायचं. उद्या काकांनी तीच चप्पल कराडच्या दुकानदाराला दिली, की करारभंगाची नोटीस. ती कोर्टात टिकेल की नाही हा पुढचा प्रश्न. करार संपल्यावरही धंदा करू नको म्हणणारी अट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 ने रद्दबातल ठरते. पण नोटीस आली की गावातला माणूस कलम बघत नाही, घाबरतो आणि रापी खाली ठेवतो.

समाजशास्त्राच्या वर्गात हेन्री मेन शिकवतात. समाज जन्मजात दर्जाकडून कराराकडे जातो, ही त्याची 1861 ची मांडणी. परीक्षेत आम्हीही ती लिहिली आणि गुण घेतले. बलुतेदारीत चर्मकाराने काय करायचं आणि त्याला काय मिळायचं हे जन्माने ठरायचं. आता कराराने ठरतं, म्हणजे मुक्ती? बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये याची चिरफाड केली आहे. राज्याने हात काढून घेतला म्हणून दुबळा माणूस मोकळा होत नाही, तो खाजगी मालकाच्या हुकमतीखाली जातो, असा त्यांचा मुद्दा होता. ज्या करारात व्याख्या एकच बाजू लिहिते, तिथे सुगीच्या वेळी खळ्यावर उभं राहून वाट बघणं फारसं बदललेलं नसतं.

इथे आपलेच काही कार्यकर्ते आम्हाला अडवतात. महाडपासून आपण मेलेली ढोरं ओढणं, ते मांस खाणं सोडायला सांगितलं. जातीचा धंदा सोडा हाच तर बाबासाहेबांचा रस्ता. मग चपलेचा 'वारसा' म्हणून छाती का फुगवायची? प्रश्न रास्त आहे. 'वारसा' हा शब्द सरकारी जाहिरातीत वाचला की आम्हालाही शहारे येतात. ज्या हातांना विहिरीवर येऊ दिलं नाही त्यांच्याच कसबाला आता 'राज्याची शान' म्हणायचं, आणि फोटोत मंत्री. पण धंदा सोडणं आणि धंद्यातून साठलेलं ज्ञान फुकट सोडून देणं या दोन गोष्टी आहेत. काकांचा मुलगा इंजिनिअर होऊ दे, त्याने रापीला हातही लावू नये. तरी त्या फर्म्याचा मोबदला त्या घराचा आहे. जातीने काम लादलं, त्या कामातली बुद्धी मात्र कधी बुद्धी म्हणून मोजली नाही. ती बुद्धी होती म्हणूनच आज कुणीतरी तिच्यावर दोन पानांची व्याख्या लिहितंय.

आणि हो, हा प्रश्न 'त्यांच्या' जातीचा, आपल्या बौद्धांचा नाही, असं म्हणणाऱ्यांशी आम्ही वेगळं भांडू.

काकांच्या करारात आम्ही तालुक्याच्या एका वकील मित्राबरोबर तीन बदल सुचवले. करारापूर्वी कारागिराकडे असलेले नमुने, फर्मे, पद्धती यांची यादी फोटोसकट जोडायची आणि ती त्याचीच राहील असं लिहायचं. नवीन डिझाइन निघालं तर ते दोघांचं, आणि प्रत्येक जोडामागे ठरलेली रक्कम. कराराची मराठी प्रत, आणि वाद झाला तर मराठी प्रत ग्राह्य. व्यापाऱ्याने पहिल्या दोन गोष्टींवर आठवडाभर घोळ घातला. तिसरीवर तो जास्त चिडला, हे आम्हाला गंमतीचं वाटलं.

कलम 17 खाली मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायचा अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे जातो. ही नोंद झाली की नक्कल करणाऱ्याविरुद्ध दावा लावायचा हक्क कारागिराला स्वतःला मिळतो, महामंडळाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. काकांनी आणि त्यांच्या भावकीतल्या चार घरांनी कागद गोळा केलेत. वेण्या घालतात त्या घरातल्या बाया, पण अर्जांवर नावं सगळी पुरुषांची आली होती. ते अर्ज आम्ही परत पाठवलेत.

महामंडळाला आमचं पत्र तयार आहे. प्राडाबरोबरच्या करारातलं व्याख्येचं कलम मराठीत आणि कन्नडमध्ये छापून आठही जिल्ह्यांतल्या कारागिरांच्या हातात द्या, एवढीच मागणी. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबावं. चर्मकार वस्तीतले लोकही येणार आहेत, चहा आमच्याकडे.