मल्हाररावांमागची माणसं

माळवा मल्हारराव होळकरांनी जिंकला, असं इंदुरात सहज बोललं जातं. पण त्यांची सुरुवात मामाच्या पथकात झाली. वडील लहानपणीच गेल्यावर होळ गाव सुटलं आणि मल्हारराव खानदेशात तळोद्याला, मामा भोजराज बारगळांकडे वाढले. बारगळांची स्वारांची तुकडी सरदार कदम बांड्यांच्या चाकरीत होती. भाचा तिथेच शिलेदारी शिकला. पुढे मामांची लेक गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. पेशव्यांच्या फौजेत ते आले, ते धनगर घराण्यांच्या या गोतावळ्याचं बळ पाठीशी घेऊनच.

१७२८ मध्ये अमझेऱ्याला चिमाजीअप्पांनी मोगल सुभेदार गिरधर बहादुराचा पराभव केला, तेव्हा होळकरांबरोबर शिंदे आणि पवारांचीही पथकं मैदानात होती. इंदूरचे राव नंदलाल मंडलोई यांच्यासारखे स्थानिक जमीनदारही मराठ्यांकडे झुकले होते.

सातव्या शतकातले अरबांचे विजयही असेच खालिद बिन वलीदसारख्या एखाद्या सेनापतीच्या नावावर जमा होतात. प्रत्यक्षात खालिद इराकच्या सीमेवर पोहोचण्याआधीच शैबान टोळीचा मुसन्ना तिथल्या इराणी मुलखावर छापे घालत होता. धर्माने टोळ्या एका झेंड्याखाली आणल्या, तरी फौजेची बांधणी टोळीनिहायच राहिली. कूफा आणि बसऱ्याच्या छावण्यांतही टोळ्यांच्या वेगवेगळ्या वस्त्या पडल्या.

खरा फरक मोबदल्यात होता. खलिफा उमरने लढवय्यांची नोंदवही करून खजिन्यातून वार्षिक तनखे बांधून दिले. पेशव्यांनी सरदारांना मुलूखच तोडून दिला. १७३० मध्ये मल्हाररावांना माळव्यातले ७४ परगणे मिळाले आणि पथकाचा म्होरक्या हळूहळू संस्थानाचा धनी झाला.

भाऊबंदकी मात्र दोन्हीकडे माजली. ६८४ मध्ये दमास्कसजवळ मर्ज राहितला कल्ब आणि कैस या अरब टोळ्या एकमेकींवर तुटून पडल्या. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनजवळ शिंद्यांची फौज बुडवली; त्याचा सूड म्हणून ऑक्टोबरात शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं.

ही लूट एकट्या पराक्रमी पुरुषाच्या गोष्टीतून कशी उमगणार? इंदूरच्या शाळांत मल्हारराव शिकवताना तळोद्याचे बारगळ आणि इथले मंडलोई यायला हवेत, परगण्यांच्या वाटणीचा नकाशा यायला हवा आणि १८०१ ची लूटही वगळता कामा नये.