फूल की दोन पानं?



निवडणूक आली की आमच्या बमरोलीत रातपाळीहून सुटलेले लूम कामगार चहाच्या टपरीवर एकच विचारतात, "कोण येणार?" काय व्हावं, हे कुणी विचारत नाही. तेव्हा मला गोव्याचा जनमत कौल आठवतो.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्याच्या मतदारांपुढे माणूस नव्हता, प्रश्न होता : महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची खूण फूल, दुसऱ्या बाजूची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, पानांना १,७२,१९१. आपल्या सुरतेजवळच्या दमणलाही गुजरातेत जायचं का, असं विचारलं होतं. तिथेही नकारच आला.

हा निकाल ख्रिस्ती लोकांनी लावला, असं म्हणतात. पण गोव्यात ख्रिस्ती बहुसंख्य नव्हतेच. पानांना मत देणाऱ्यांत हिंदू शेजारीही होते. आणि गंमत पाहा, विलीनीकरणासाठी झटलेले भाऊसाहेब बांदोडकर कौल हरले, तरी तीन महिन्यांच्या आत गोव्याने त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. प्रश्नाला नकार, माणसाला होकार!

आपल्या मंडळीच्या सभेत हे आपल्याला का जमत नाही? ठरावाला हात वर केला नाही, की बोलणं बंद. मीही एका भावाशी वर्षभर अबोला धरलाय. प्रभुभोजनाला मात्र एकाच बाकावर बसतो.

येत्या रविवारी उपासनेआधी त्याच्या घरी जाणार आहे. ठराव मला अजूनही पटलेला नाही. भाऊ मात्र हवा आहे.