गांजाविषयीची माहिती मराठीत कोण देणार?



सांगली आणि सातारा जिल्ह्यांत उसाच्या फडात किंवा हळदीच्या रानात आडोशाने लावलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटून नेल्याची बातमी अधूनमधून छापून येते, आणि ती बहुधा एकाच साच्यातली असते : अमुक किलो ओला गांजा, तमुक लाखांचा मुद्देमाल, एकास अटक, पुढील तपास सुरू. या चार ओळींपलीकडे ज्याला काही जाणून घ्यायचे असेल, मग तो शेतकरी असो, महाविद्यालयीन विद्यार्थी असो वा मुलाच्या खिशात पुडी सापडल्याने हबकलेला बाप असो, त्याला मोबाइलशिवाय दुसरा आधार राहत नाही. तेथे माहितीचा पूर आहे, मात्र ती आमच्या वाळवा तालुक्याला लागू पडेलच असे नाही. म्हणूनच इंटरनेटवरील ही चर्चा बंद पाडावी, अशी मागणी हमखास पुढे येते. ती मागणी चुकीची आहे, कारण ज्यांनी मराठीतून बोलायला हवे होते त्यांच्या मौनावर ती आयते पांघरूण घालते.

पहिला घोळ कायद्याचा आहे. गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजेच पोलीस आणि वकील ज्याला ‘एनडीपीएस’ म्हणतात तो कायदा, झाडाच्या फुलाफळांवर आलेल्या शेंड्यांना गांजा मानतो, राळेला चरस मानतो आणि शेंड्यांपासून वेगळी असलेली पाने व बिया गांजाच्या व्याख्येतून वगळतो. एवढ्यावरून ‘भांग भारतभर कायदेशीर आहे’ असे बिनदिक्कत सांगणाऱ्या चित्रफिती फिरतात. उत्तर भारतातील काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत हे खरे, पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू असून परवान्याशिवाय ती बाळगणे हा येथे गुन्हा ठरतो. ‘एक किलोपर्यंत काही होत नाही’ ही अशीच दुसरी वदंता. कायद्यातील ‘अल्प प्रमाण’ ही संज्ञा शिक्षेची पायरी ठरवण्यापुरती आहे, ती मुभा नव्हे. एक किलोपर्यंतच्या गांजासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, तर वीस किलोंच्या पुढे सुरू होणाऱ्या ‘व्यापारी प्रमाणा’ला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. शिवाय कलम ४६ नुसार आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे माहीत असूनही ती न कळवणारा जमीनधारक शिक्षेस पात्र होतो. वाट्याने रान देऊन पुण्या-मुंबईत राहणाऱ्या किती मालकांना हे ठाऊक आहे?

बातमीतला ‘ओला गांजा’ हा शब्दही तपासून पाहण्याजोगा आहे. झाडे मुळांसकट उपटून, पाने, देठ आणि खोडासह काट्यावर ठेवली की वजन भरमसाट भरते, पण कायद्याच्या लेखी गांजा म्हणजे केवळ शेंडे. या फरकामुळेच जप्तीचे वजन व्यापारी प्रमाणाचे आहे की नाही यावर न्यायालयांत वाद होतात आणि मुंबई उच्च न्यायालयाने काही प्रकरणांत याच मुद्द्यावर जामीनही दिला आहे. वाचकाला हे सांगितले जात नाही, त्यामुळे जामीन झाला की ‘मॅनेज झाले’ एवढाच निष्कर्ष गावाच्या पारावर काढला जातो.

दुसरा घोळ परदेशांच्या दाखल्यांचा. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये प्रौढांना गांजा मर्यादित प्रमाणात खुला केला, हे प्रत्येक वादात ऐकवले जाते. थायलंडने २०२२ मध्ये उघडलेले दार २०२५ मध्ये पुन्हा बरेचसे लोटून घेतले आणि सिंगापूरमध्ये पाचशे ग्रॅमहून अधिक गांजाच्या तस्करीस आजही मृत्युदंड आहे, हे मात्र क्वचितच. अमेरिकेत अनेक राज्यांनी परवानगी दिली असली तरी तेथील संघराज्याच्या कायद्यात गांजा निषिद्धच आहे आणि परदेशी नागरिकाचा व्हिसा किंवा नागरिकत्वाचा अर्ज त्यावरून अडकू शकतो. या भागातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिकडे शिकायला जाऊ लागले असताना ही माहिती त्यांना आधी कळायला हवी, अडकल्यावर नव्हे.

शेतीबाबतही असाच घोळ आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातील एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आपल्या दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली होती. शेतमालाला भाव नाही आणि गांजाला आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. पोलिसांनी त्याकडे प्रसिद्धीचा खटाटोप म्हणून पाहिले, आणि कदाचित तसे असेलही. पण हा प्रश्न ज्या शेतकऱ्यांच्या मनात येतो त्यांना उत्तर मिळाले नाही. उत्तराखंडात ज्या लागवडीला परवाने मिळतात ती धागा आणि बियांसाठीची असून त्या वाणात टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, ०.३ टक्क्यांहून अधिक चालत नाही, एवढे साधे स्पष्टीकरण कृषी विभागाच्या मराठी पत्रकात आले असते, तर ‘तिकडे चालते, मग इकडे का नाही’ या वादाला निदान पाया मिळाला असता.

आरोग्याच्या बाबतीत तर दोन्ही बाजू अर्धाच कागद वाचून दाखवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात दीर्घकालीन वेदना, केमोथेरपीनंतरच्या उलट्या अशा मोजक्या तक्रारींवर या वनस्पतीतील घटकांचा उपयोग होतो याचे भक्कम पुरावे नोंदवले आहेत, आणि त्याच अहवालात गांजाचे सेवन व स्किझोफ्रेनियासारखे मनोविकार यांचा संबंध दाखवणारे तितकेच भक्कम पुरावेही आहेत; सेवन जितके जास्त, तितका धोका जास्त. समर्थक पहिले पान दाखवतात, विरोधक दुसरे. हा अहवाल कोणालाही फुकट वाचता येतो, पण त्याचा मराठी गोषवारा हवा असेल तर शोधणाऱ्याच्या हाती घरगुती उपायांचे व्हिडिओ लागतात.

अर्धी माहिती खपण्याचा हा प्रकार इंटरनेटने आणलेला नाही. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या, तेव्हा गांजाने माणसे वेडी होतात या समजाला आधार होता तो वेड्यांच्या रुग्णालयांच्या नोंदवह्यांचा. आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून उलगडल्या, तेव्हा ‘कारण’ या रकान्यात पोलिसांनी किंवा कारकुनाने चौकशीविना ‘गांजा’ लिहून टाकल्याचे आढळले, आणि गांजाच्या नावावर टाकलेल्या प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक टिकली नाहीत. तरीही उरलेली प्रकरणे आयोगाने नाकारली नाहीत. अतिसेवनाने मनावर परिणाम होतो हे मान्य करून सरसकट बंदी मात्र अनावश्यक ठरवली. हा अहवाल आज स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर खुला आहे. आजचा गांजा त्या काळच्यापेक्षा तीव्र असू शकतो, म्हणून आयोगाचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. नोंद तपासून मगच बोलण्याची त्याची रीत मात्र उचलण्याजोगी आहे.

अशा चर्चेने मुले व्यसनाकडे वळतील, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बंदीची मागणी करणाऱ्यांनी हेही पाहावे की मराठीत व्यसनाविषयी उघड बोलणे सुरू झाले तेव्हा नुकसान झाले नाही. लेखक अनिल अवचटांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यावर लिहिले आणि १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. लपवाछपवीने असे काही उभे राहिल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा विनंती वृत्तपत्रांपासूनच सुरू व्हावी. जप्तीच्या बातमीत कलम आणि प्रमाणाची वर्गवारी द्यावी, वजन झाडांचे की शेंड्यांचे ते लिहावे, आणि शेवटी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक छापावा. सेवनासाठी पकडला गेलेला व्यसनी मान्यताप्राप्त केंद्रात स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर कलम ६४अ नुसार त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, ही ओळही त्याच चौकटीत असावी, कारण हबकलेल्या बापाला पहिल्या रात्री हवी असते ती हीच माहिती. इस्लामपूरच्या उपजिल्हा रुग्णालयाने, तालुका कृषी कार्यालयाने आणि येथील महाविद्यालयांनी याच मजकुराचे एक पानी मराठी पत्रक काढून येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी वाटावे.

– एक वाचक, इस्लामपूर (जि. सांगली)