आयत्या बिळावर फेडरर?

रोलाँ गॅरोच्या लाल मातीवर रफाएल नदाल ३१ सामने खेळला होता आणि ३१ही जिंकला होता. बत्तिसावा तो रविवारी हरला. स्वीडनच्या रॉबिन सॉडरलिंगने त्याला ६-२, ६-७, ६-४, ७-६ असं घरी पाठवलं आणि ग्रँड स्लॅमच्या इतिहासातला एक सर्वांत मोठा अपसेट आपण सगळ्यांनी डोळे चोळत पाहिला. २००५ पासून सलग चार वर्षं हा पोरगा पॅरिसमध्ये हरलाच नव्हता. उद्या-परवा त्याचा तेविसावा वाढदिवस. दरवर्षी तो पॅरिसमध्ये स्पर्धा चालू असतानाच साजरा व्हायचा. यंदा तो घरी होईल.

त्याच्या आदल्याच दिवशी चौथ्या मानांकित नोवाक जोकोविचला जर्मनीच्या फिलिप कोलश्रायबरने ६-४, ६-४, ६-४ असं तीन सेटमध्ये गुंडाळलं होतं. म्हणजे चोवीस तासांत मातीवरचे दोन सर्वांत तगडे खेळाडू बाहेर. तेव्हापासून कॉलेजच्या कट्ट्यावर, एसएमएसमध्ये, ऑर्कुटवर एकच वाक्य फिरतंय : ‘आता फेडररला रान मोकळं.’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, जरा खवचट : ‘नदाल नसताना जिंकला तर काय जिंकला? आयत्या बिळावर नागोबा!’

आमचं म्हणणं असं की ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. आणि दोन्ही एकाच कारणासाठी.

आधी रान मोकळं होण्याबद्दल. १९८९ मध्ये पॅरिसमध्ये अगदी असंच झालं होतं. तेव्हा मातीचा दादा होता इव्हान लेंडल. तीन वेळचा विजेता, जगात पहिला. चौथ्या फेरीत (बघा, फेरीसुद्धा तीच!) तो सतरा वर्षांच्या मायकेल चँगविरुद्ध दोन सेटने पुढे होता. चँगच्या पायात गोळे आले, त्याला धड उभं राहवेना, तर त्याने चक्क अंडरआर्म सर्व्हिस केली. लेंडल भडकला, बिथरला आणि हरला. झालं, सगळे म्हणाले, आता स्टीफन एडबर्गला कोण अडवणार? एडबर्ग विम्बल्डन जिंकलेला, ऑस्ट्रेलियन दोनदा जिंकलेला. फायनलला समोर तोच कोवळा चँग. एडबर्गने दोन सेट घेतले, एक दिला. चौथ्या सेटमध्ये त्याला ब्रेकपॉइंटमागून ब्रेकपॉइंट मिळत गेले आणि तो ते घालवत गेला. पाचव्या सेटमध्ये चँग जिंकला. एडबर्गने पुढे एकूण सहा ग्रँड स्लॅम मिळवली, पण पॅरिसची फायनल त्याला पुन्हा कधी दिसली नाही. दार उघडं होतं ते एकदाच.

मातीवर असं का होतं, याचंही कारण आहे. ‘क्ले’ म्हणजे आपल्या आखाड्यातली माती नव्हे. ती विटांची भुकटी असते, खालच्या घट्ट थरावर अगदी पातळ पसरलेली. चेंडू तिच्यावर टप्पा घेताना अडखळतो, मंद होतो आणि वर उसळतो. गवतावर किंवा हार्डकोर्टवर ज्याची सर्व्हिस तोफेसारखी, त्याला एका गेममध्ये दोन-तीन पॉइंट फुकटात मिळून जातात. मातीवर ती सूट नाही. प्रत्येक पॉइंट उकरून काढावा लागतो, एकदा जिंकलेला पॉइंट तीन-तीनदा जिंकावा लागतो. त्यामुळे मोठं नाव, वरचा नंबर यांचं वजन इथे कमी होतं आणि त्या दिवशी ज्याचे पाय चालतात आणि डोकं जागेवर असतं त्याचं वाढतं. पीट सॅम्प्रासकडे १४ ग्रँड स्लॅम आहेत. पॅरिसमध्ये त्याची मजल १९९६ च्या सेमीफायनलपर्यंतच. जॉन मॅकेन्रो १९८४ च्या फायनलला दोन सेटने पुढे होता, हरला. बोरिस बेकर तर फायनललाही पोचला नाही.

सॉडरलिंगने नेमकं काय केलं तेही यातच दडलंय. नदालचा डावखुरा फोरहँड प्रचंड टॉपस्पिन घेऊन येतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडला खांद्याच्या वर उसळतो. फेडररचा बॅकहँड एकहाती, त्यामुळे त्याची तिथे दरवेळी गोची होते. गेल्या वर्षीच्या फायनलचा स्कोअर आठवा : ६-१, ६-३, ६-०. फेडररला अख्ख्या सामन्यात चार गेम. सॉडरलिंग सहा फूट चार इंच उंच, बॅकहँड दोन हातांचा. इतरांच्या खांद्यावर येणारा चेंडू त्याच्या छातीशी येतो, आणि तो मागे न हटता सपाट, जीव खाऊन मारत राहतो. अर्थात हा शोध त्याला रविवारी सकाळी लागला असं नाही. महिन्याभरापूर्वी रोममध्ये याच सॉडरलिंगला याच नदालने ६-१, ६-० असं धुतलं होतं. तेव्हाही तो असाच मारत होता, फक्त चेंडू बाहेर जात होते. रविवारी ते रेषेच्या आत पडले, आणि चार सेट पडत राहिले. पॅरिसची पब्लिकही त्याच्याच बाजूने ओरडत होती. चार वेळच्या विजेत्याला ही वागणूक? आम्हाला ते काही बरं वाटलं नाही.

आता फेडरर. २००९ च्या या स्पर्धेआधी त्याच्याकडे १३ ग्रँड स्लॅम होती. एक मिळालं की सॅम्प्रासची बरोबरी. आणि ते पॅरिसला मिळालं तर चारही ग्रँड स्लॅम जिंकणारा तो फक्त सहावा पुरुष ठरणार होता. फ्रेड पेरी, डॉन बज, रॉय इमर्सन, रॉड लेव्हर आणि आंद्रे अगासी, २००९ पर्यंतची यादी एवढीच होती. पॅरिसमध्ये २००५ ला सेमीफायनलमध्ये आणि नंतर सलग तीन फायनलमध्ये तो नदालकडून हरला. म्हणजे चार वर्षं त्याच्याकडे एक सज्जड कारण होतं : समोर नदाल होता. ते कारण रविवारी गेलं. आता हरला तर ते फक्त त्याचं हरणं असेल.

हे ओझं किती असतं ते सोमवारी दिसलंच. समोर ३१ वर्षांचा, बिगरमानांकित टॉमी हास. फेडरर पहिले दोन सेट हरला. तिसऱ्या सेटमध्ये ३-४ आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ब्रेकपॉइंट. तो गेला असता तर हास सामना संपवायला सर्व्हिस करत होता. पहिली सर्व्हिस चुकली. दुसऱ्या सर्व्हिसवर परत आलेल्या चेंडूच्या बाजूला पळत जाऊन फेडररने बॅकहँडच्या कोपऱ्यातून फोरहँड मारला, आणि तो रेषेजवळ पडला. त्यानंतरच्या १७ पैकी १५ गेम त्याने जिंकल्या. ६-७, ५-७, ६-४, ६-०, ६-२. एक फोरहँड चार इंच बाहेर पडला असता तर आज हा लेख पूर्ण वेगळा लिहावा लागला असता. रान मोकळं म्हणतात ते हे! त्याआधी दुसऱ्या फेरीत होजे अकासुसोविरुद्धही दोन सेट टायब्रेकपर्यंत गेले होते. हा काही हसत-खेळत चाललेला प्रवास नाही.

तरीही आम्हाला विचाराल तर फेडररच. का? एक तर त्याने गेल्याच महिन्यात माद्रिदच्या फायनलमध्ये नदालला मातीवर ६-४, ६-४ असं हरवलंय. हो, माद्रिद उंचावर आहे, तिथे चेंडू पळतो, आणि नदाल आदल्या दिवशी जोकोविचशी चार तास झुंजून आला होता, मान्य. पण मातीवर नदालला हरवलं ते हरवलं. दुसरं म्हणजे हा माणूस मोठ्या स्पर्धेत लवकर हरायचं विसरलाय. २००९ च्या या स्पर्धेआधी सलग १९ ग्रँड स्लॅममध्ये त्याने सेमीफायनल गाठली होती. ही मालिका सुरू व्हायच्या आधी तो लवकर हरला होता तो कुठे? इथेच, २००४ मध्ये, तिसऱ्या फेरीत गुस्ताव्हो कुएर्तेनकडून. त्या वर्षी गतविजेता फेरेरोही लवकर गेला आणि कप उचलला बिगरमानांकित गॅस्टन गॉडिओने, तोही फायनलला दोन सेट मागे पडून, दोन मॅचपॉइंट वाचवून.

मग यंदाचा गॉडिओ कोण? पुढच्याच फेरीत फेडररसमोर गाएल मॉन्फिस आहे. घरचं मैदान, पायांत स्प्रिंगा आणि मागे अख्खं पॅरिस. गेल्या वर्षी सेमीफायनलला त्याने फेडररकडून एक सेट काढला होता. पण मॉन्फिस सामना जिंकण्यापेक्षा सामना सजवण्यात जास्त रमतो असं आमचं आपलं मत. खरा धोका त्याच्या पुढचा : २० वर्षांचा युआन मार्टिन डेल पोट्रो. टॉमी रोब्रेडोला हरवून तो सेमीला येईल असं धरून चालू. सहा फूट सहा इंच उंचीचा हा अर्जेंटिनाचा पोरगा जानेवारीत मेलबर्नला फेडररकडून ६-३, ६-०, ६-० असा हरला होता, माद्रिदला ६-३, ६-४. दोन स्कोअर शेजारी ठेवा, फरक दिसेल. सॉडरलिंगसारखाच तो खांद्यावरचा चेंडू मारू शकतो. आपलं लक्ष त्याच्यावर ठेवा.

दुसऱ्या बाजूला अँडी मरे तिसरा मानांकित असला तरी मातीवर तो अजून शिकाऊच आहे. पॅरिसमध्ये तो उपांत्यपूर्व फेरीत पहिल्यांदाच आलाय आणि समोर फर्नांडो गोन्झालेझचा फोरहँड आहे. आमचे पैसे गोन्झालेझवर. निकोलाय डेव्हिडेन्को इथे दोनदा सेमीफायनल खेळलाय, फारसा कुणाच्या लक्षात नसतो, पण चौथ्या फेरीत त्याने व्हर्डास्कोसारख्याचा तीन सेटमध्ये चट्टामट्टा केला.

मुलींच्या बाजूला तर अपसेटची जत्राच भरलीय. व्हीनस विल्यम्सने शुक्रवारी पहिला सेट ६-० असा गमावला आणि मग सामनाही. गतविजेती अ‍ॅना इव्हानोविच गेली, डिमेन्टिएव्हा गेली, यान्कोविच गेली. उरलेल्यांत पहिली मानांकित दिनारा साफिना. तिची गंमत अशी की २००९ मध्ये ती जगात नंबर वन होती आणि तिच्याकडे एकही ग्रँड स्लॅम नव्हतं. रोम आणि माद्रिद तिने ओळीने जिंकलं, इथेही ती समोरच्या मुलींना दोन-दोन गेमसुद्धा मिळू देत नाहीये. पण जानेवारीत ऑस्ट्रेलियन फायनलला सेरेनाने तिला ६-०, ६-३ असं लोळवलं ते लोक विसरलेले नाहीत, आणि बहुधा ती स्वतःही. सेरेनाची गाठ आधी स्वेतलाना कुझनेत्सोवाशी आहे. ती २००६ ची उपविजेती, मातीवर पाय रोवून खेळणारी. ज्यांना सेरेना-साफिना फायनल ठरलेली वाटतेय त्यांनी हा सामना बघावा. (आणि आपल्यासाठी एक खूशखबर : पुरुष दुहेरीत लिएंडर पेस आणि लुकाश ड्लौही अजून शर्यतीत आहेत.)

राहिला तो आयत्या बिळाचा प्रश्न. अगासीने १९९९ मध्ये पॅरिस जिंकून चारचा सेट पूर्ण केला तेव्हा फायनलला त्याच्यासमोर कोण होतं? आंद्रेई मेद्वेदेव, जगात शंभरावा. अगासी त्याच्याविरुद्धही दोन सेटने मागे पडला होता. आज कुणी म्हणतं का की अगासीचं पॅरिस जरा स्वस्तातलं होतं? ड्रॉ समोर जो माणूस आणून ठेवतो त्याला हरवायचं असतं, सात वेळा, प्रत्येकी तीन सेट जिंकून. नदाल समोर येण्यासाठी त्याने आपले सामने जिंकायचे होते. तो हरला यात फेडररचा काय दोष? उलट गेली चार वर्षं फेडरर नदालपर्यंत पोचत होता आणि तिथे मार खात होता. यंदा नदाल फेडररपर्यंत पोचू शकला नाही, हिशेब इतकाच आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा उपांत्यपूर्व फेऱ्या सुरू झालेल्या असतील. शुक्रवारपासून इंग्लंडमध्ये ट्वेन्टी-२० वर्ल्ड कप सुरू होतोय, त्यामुळे रिमोटवरून घरोघर भांडणं होणार हे आम्हाला ठाऊक आहे. तरी सॉडरलिंग-डेव्हिडेन्को चुकवू नका. मोठा शिकार केलेला खेळाडू पुढच्या सामन्यात बऱ्याचदा रिकामा होऊन येतो. जोकोविचला हरवणारा कोलश्रायबर लगेच पुढच्या फेरीत रोब्रेडोकडून हरलाच. सॉडरलिंग या स्पर्धेआधी कुठल्याच ग्रँड स्लॅममध्ये तिसऱ्या फेरीच्या पुढे गेला नव्हता. आणि तो फायनलपर्यंत आलाच, तर समोर बहुतेक फेडरर असेल, ज्याच्याशी तो २००९ च्या या स्पर्धेआधी नऊ वेळा खेळला होता आणि नऊही वेळा हरला होता. रविवारपर्यंत आम्ही या आकड्यावर डोळे झाकून पैज लावली असती. पण रविवारच्या आधी ३१-० हाही आकडाच होता.