आधी रूळ पुसा, मग मुलाला बोला



३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुरू झाली आणि आमच्या लेकाला रेल्वेचं वेड लागलं. पुढे पुण्यात कोथरूडचं जोशी लघुरेल संग्रहालय बघितलं आणि तो हटूनच बसला. आजोबांनी हौसेने छोटी गाडी घेऊन दिली. १:८७ प्रमाणाची, दोन रुळांमध्ये जेमतेम १६.५ मिलिमीटर अंतर.

गेल्या सुट्टीत इंजिन बंद पडलं. मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "पाडलंस ना?" तो "नाही" म्हणत राहिला. मी ऐकलं नाही. गाडी खोक्यात घालून माळ्यावर टाकली. त्या रात्री तो न बोलता जेवला आणि झोपला.

चार दिवसांनी आजोबा म्हणाले, "सूनबाई, कारण शोधलं का?" शोधलं नव्हतं. मग आम्ही तिघं बसलो.

खऱ्या विजेच्या इंजिनाला करंट वरच्या तारेतून मिळतो. या साध्या गाडीत तो रुळांतूनच येतो, एका रुळातून येऊन दुसऱ्यातून परत जातो. चाकं तो उचलतात आणि मोटर फिरते. म्हणून शोधही त्याच वाटेने घ्यायचा. आधी प्लग, मग रुळाला जोडलेली तार, मग रुळांचे सांधे. सगळं ठीक होतं. मग इंजिन उचलून दोन्ही बाजूंच्या चाकांना ९ व्होल्टची बॅटरी लावली. मोटर गुणगुणली, पण चाकं अडली. म्हणजे मोटर जिवंत होती!

इंजिन उलटं केलं तर आसाला लांब केस गुंडाळलेले. घरात एवढे लांब केस कोणाचे, हे सांगायला नको. मी जिथे वेणी घालते, तिथेच तो रूळ मांडायचा.

चिमट्याने केस काढले. बॅटरीवर चाकं फिरली, पण रुळावर गाडी अडखळतच होती. पांढरं सुती फडकं रुळावरून फिरवलं तर काळंकुट्ट! आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ आणि चाकं पुसली आणि पूर्ण सुकू दिली. तारेच्या घासणीने मात्र रूळ घासू नका. तिचे बारीक कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात. तेल द्यायचं तर आसाला, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. रुळाला अजिबात नाही.

गाडी धावली. मी लेकापुढे हात जोडून म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम्." संवत्सरीला गावभर म्हणतो, घरातल्या लहानग्याला म्हणायला मात्र जीभ अडखळते.

माझं मत एवढंच आहे. वस्तू बंद पडली की आपण दोन चुका करतो. आधी माणसाला दोष देतो, मग "नवीन घेऊ" म्हणतो. दोन्हींमुळे मूल एकच शिकतं की कारण शोधायची गरज नसते. त्यापेक्षा अर्धा तास त्याच्याबरोबर जमिनीवर बसावं. पोळ्या थोड्या उशिरा झाल्या तरी चालतील.

आता दर रविवारी लेक रूळ पुसतो. आणि मी वेणी दुसऱ्या खोलीत घालते.